धूर दिसला, की चुलीचा ताप उतरला

 

आज आपण चुलीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "आमचा जन्म गेला चुलीपुढे, आम्हाला काय चूल शिकवता?" खरे आहे. चूल पेटवायला आम्ही शिकवणार नाही. आम्ही एवढेच विचारतो : तुमची चूल आत्ता किती तापली आहे, हे तुम्ही कशावरून ओळखता? लेकराला ताप आला तर आपण कपाळावर हात ठेवतो. चुलीवर हात ठेवता येत नाही. पण तिचा ताप ती स्वतःच सांगत असते. धुरातून सांगते, निखाऱ्यातून सांगते, राखेतून सांगते. ते ऐकले तर सरपण कमी लागते, डोळ्यांतले पाणी थांबते आणि जंगलातली एखादी फेरी वाचते.

काही जणी म्हणतील, आता गॅस आला. हो, आला. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्यातल्या पुष्कळ घरांत शेगडी आली. पण आपल्या घरातली रीत आपल्याला ठाऊक आहे. चहा आणि पाहुण्यांची भाजी गॅसवर. आंघोळीचे पाणी, मोठ्या गंजातला भात आणि धान उकडायचे काम चुलीवर. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले, की सगळेच चुलीवर. म्हणजे चूल अजून घरात आहे. आहे तोवर तिला नीट वागवू या.

आधी लाकूड कसे जळते ते समजून घेऊ. लाकूड चुलीत घातले की ते लगेच जळत नाही. पहिल्यांदा त्यातले पाणी उडते. पाणी १०० अंशांवर उकळते, हे आपण शाळेत शिकलो. पाणी आत आहे तोवर लाकूड त्याच्या फार वर तापत नाही. पाणी गेले की, साधारण २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान, लाकडातून वायू सुटायला लागतो. आपल्याला जो जाळ दिसतो, तो या वायूचा जाळ. शेवटी उरतो तो कोळसा, म्हणजे आपला निखारा.

आता खरी गोष्ट ऐका. हा वायू नीट पेटायला चुलीच्या पोटात सुमारे ६०० अंश किंवा त्याहून जास्त ताप लागतो, आणि वारा लागतो. दोन्हींपैकी एक जरी कमी पडले, तर वायू न पेटता वर निघून जातो. त्यालाच आपण धूर म्हणतो. पटत नसेल तर मेणबत्ती लावा आणि फुंकर मारून विझवा. वातीतून पांढरी रेघ वर जाते. त्या रेघेला लगेच पेटती काडी लावा. जाळ खाली उतरून वात पुन्हा पेटते. म्हणजे ती रेघ जळण्यासारखीच होती, नुसती थंड पडली होती.

चुलीचेही तसेच. धूर म्हणजे डोक्यावरून मोळी वाहून आणलेले, पण न जळलेले लाकूड. ते आपल्या डोळ्यांत जाते, छातीत जाते आणि छपराला काजळी होऊन चिकटते. म्हणून पहिले वाक्य पाठ करा : धूर दिसला, की चुलीचा ताप उतरला.

आता ताप ओळखायच्या खुणा सांगतो. कोरोनाच्या काळात आशाताई कपाळासमोर धरायच्या ते यंत्र आठवते ना? ते इथे कामाचे नाही. ते माणसाच्या तापापुरतेच मोजते. चुलीच्या खुणा डोळ्यांनीच बघायच्या.

पहिली खूण धुराची. पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर असेल तर चूल थंड आहे. लाकूड ओले आहे किंवा एकदम फार घातले आहे. काळा धूर आणि लांब, पिवळा, डुलणारा जाळ असेल तर वायू पुष्कळ सुटतो आहे, पण वारा कमी पडतो आहे. अशा वेळी लाकूड आणखी आत ढकलू नका, थोडे बाहेर ओढा. धूर जवळजवळ दिसतच नसेल आणि जाळ आखूड, स्वच्छ असेल, तर चूल बरोबर तापली आहे.

दुसरी खूण निखाऱ्याच्या रंगाची. काळपट लाल निखारा म्हणजे साधारण ६०० अंश. लखलखीत लाल म्हणजे ८०० च्या आसपास. नारिंगी झाला म्हणजे ९०० च्या वर गेला. आपला भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. पितळ ९०० अंशांच्या वर गेल्यावर वितळते. भट्टीवरचे जुने कारागीर आगीचा रंग बघूनच ताप ओळखत आले आहेत. तीच विद्या आपल्या चुलीपुढे आहे. उन्हात रंग फसवतो, म्हणून निखारा सावलीत बघा.

तिसरी खूण तव्याची. भाकरी टाकण्याआधी तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडायची आपल्याला सवय आहे. थेंब नुसता पसरून हळूहळू वाळला, तर तवा १०० च्या खाली आहे. चर्र करून लगेच उडाला, तर १०० च्या चांगला वर गेला आहे. थेंब मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर नाचायला लागला, तर तवा २०० च्या आसपास किंवा पुढे गेला. भाकरी वरून करपेल आणि आतून कच्ची राहील. एवढे स्वस्त आणि खरे माप कोणत्या दुकानात मिळणार?

चौथी खूण राखेची आणि गंजाच्या बुडाची. स्वयंपाक झाल्यावर पांढरी, मऊ राख उरली तर लाकूड पुरते जळले. काळी, अर्धवट जळालेली ढलपी उरली तर ताप अपुरा होता. बुडाला कोरडी काजळी असेल तर वारा कमी होता. डांबरासारखा चकचकीत, चिकट थर असेल तर लाकूड ओले होते. भांडी घासताना आपण चरफडतो. घासण्याआधी एकदा ते बूड नीट वाचा.

थंड देशांत घर ऊबदार ठेवायला लाकडाची लोखंडी शेगडी असते. तिच्या धुराड्याच्या नळीवर तिथले लोक एक गोल तापमापी चिकटवतात. नळी साधारण ११५ ते २४५ अंशांच्या दरम्यान असली तर ठीक. त्याखाली उतरली तर नळीत आतून डांबरी काजळी जमते, आणि तीच काजळी पुढे कधी पेट घेते. फार वर गेली तर शेगडी आणि नळीच धोक्यात येते. तिथेही शिकवण हीच आहे : धुमसणारी चूल ही साधी, गरीब चूल नव्हे; ती नुकसान करणारी चूल.

आता ओल्या लाकडाचा हिशेब करू. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. म्हणजे दहा किलोची मोळी डोक्यावर घेतली, तर त्यात चार-पाच किलो पाणीच आपण वाहून आणले. मग चुलीत ते पाणी आधी उकळून उडवावे लागते, त्यानंतर आपल्या भाताची पाळी! उन्हात नीट वाळलेल्या लाकडात हे पाणी पंधरा-वीस टक्क्यांवर येते.

म्हणून मिरगाच्या आधी तीन कामे उरका. एक, लाकूड मनगटाएवढे जाड असेल तर आत्ताच फोडून ठेवा. फोडलेले लवकर वाळते. दोन, लाकूड जमिनीवर टाकू नका. खाली दगड किंवा आडव्या बल्ल्या घालून त्यावर रचा, मध्ये वारा खेळू द्या. तीन, वरून टिन किंवा ताडपत्री घाला, पण बाजू उघड्या ठेवा. सगळीकडून गुंडाळले तर आतच दमट होते. वाळले की नाही याची परीक्षा कानाने होते. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. ठण्ण वाजले तर वाळले. धप्प वाजले तर अजून ऊन दाखवा. पावसाळ्यात उद्याचे लाकूड आजच चुलीपासून हातभर दूर ठेवले तर तेही सुकते. चुलीला चिकटून मात्र ठेवू नका, रात्री पेट घेईल.

पुढची गोष्ट वाऱ्याची. आपली सवय अशी, की जाळ मंदावला की आणखी दोन लाकडे आत कोंबायची. त्याने चूल गुदमरते. लाकूड दोन बोटे जाड असावे आणि त्याचे टोकच जळत राहावे. जळेल तसतसे पुढे सरकवावे. लाकडाखाली वारा जायला जागा हवी. चुलीच्या पोटात लोखंडी जाळी बसवली तर लाकूड तिच्यावर राहते, राख खाली पडते आणि खालून वारा येतो. जाळी नसेल तर दोन वीटकरा आडवे ठेवून लाकडांची टोके त्यावर टेकवा. राख रोज काढा. भांडे आणि चुलीची कड यांत बोटभर फट असावी. फट नसेल तर जाळ कोंडतो, फार मोठी असेल तर ताप बाहेर पळतो. फुंकणी हाताशी राहू द्या. पण फुंकणी सारखी लागत असेल तर चूल काहीतरी सांगते आहे, असे समजा.

पेटवताना प्लास्टिकची पिशवी वापरू नका. त्याचा धूर लाकडाच्या धुराहून विषारी. धुमसणाऱ्या चुलीत रॉकेल किंवा पेट्रोल तर कधीच ओतू नका. चूल विझल्यासारखी दिसते, पण आत निखारा असतो. एकदम भडका उडतो आणि पदर पेटतो. तुराट्या, वाळलेले गवत, नाहीतर तणसाची मूठ एवढ्यावर चूल पेटते.

आता दुसरे वाक्य पाठ करायचे : उकळी आली, की जाळ आवरा.

हे समजून घ्यायला सोपे आहे, पण सवय मोडायला कठीण. उघड्या गंजातले पाणी १०० अंशांवर उकळले की त्याच्या वर तापत नाही. खाली कितीही जाळ घाला, पाणी १०० वरच राहते. नुसती वाफ जास्त निघते. डाळीला, भाताला ते हळू उकळते आहे की धो-धो उकळते आहे याने फरक पडत नाही. शिजायला वेळ तेवढाच लागतो. म्हणजे उकळी आल्यावरचा मोठा जाळ हा वाफेला दिलेला आहेर. आधण येईपर्यंत चांगला जाळ ठेवा, उकळी आली की दोन लाकडे बाहेर ओढा आणि गंजावर झाकण ठेवा. बाहेर ओढलेले कोलीत धुमसत ठेवू नका; राखेत दाबून विझवा, उद्या तेच चटकन पेटेल. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास तापते, म्हणून डाळ लवकर शिजते. पण तिथेही शिट्टी व्हायला लागली की जाळ कमी करायचाच.

याच्या पुढे एक पाऊल जाता येते, आणि त्यासाठी लागणारी वस्तू आपल्या भागात ढिगाने आहे. ती म्हणजे धानाचे तणस. मोठ्या टोपल्यात किंवा जुन्या लाकडी पेटीत तणस चांगले दाबून भरा, मध्ये गंज बसेल एवढी जागा करा. भाताला उकळी येऊन पाचेक मिनिटे झाली की झाकणासकट गंज त्यात ठेवा. वरून तणसाची उशी आणि जुनी गोधडी घाला. ताप बाहेर जात नाही आणि तास-दीड तासात भात तयार होतो, चुलीत काडीही न घालता. गंजाच्या बुडाला निखारा चिकटलेला नाही ना, हे आधी नक्की बघा, नाहीतर तणस पेटेल. दोन-अडीच तासांच्या आत अन्न काढा. कोमट झाले असेल तर पुन्हा उकळी आणून मगच वाढा.

आता या सगळ्याचा किलोत हिशेब. पाच लिटर पाणी साध्या तापापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तेवढी शंभर ग्रॅम वाळलेल्या लाकडात असते. पण तीन दगडांच्या चुलीवर लाकडाच्या उष्णतेचा साधारण दहावा ते सातवा हिस्साच गंजापर्यंत पोचतो. म्हणून प्रत्यक्षात पाऊण किलो, कधी किलोभर लाकूड जाते. बाकीचे वाऱ्यावर, चुलीच्या मातीत आणि धुरात जाते. तो वाया जाणारा हिस्सा आपल्या हातात आहे.

शास्त्रज्ञ चुलीची परीक्षा करतात तीही अशीच : पाणी मोजून ठेवायचे, लाकूड मोजून जाळायचे आणि वेळ बघायची. ही परीक्षा आपल्या गटाच्या बैठकीतही होते. किराणा दुकानातला तराजू आणा. दोन सारखे गंज घ्या, दोन्हींत पाच-पाच लिटर पाणी. एका चुलीवर नेहमीसारखे लाकूड, दुसरीवर फोडलेले, वाळलेले लाकूड आणि वर झाकण. दोन्ही लाकडांचे वजन आधी लिहा. उकळी कधी आली ते मोबाइलवर बघा. शेवटी उरलेले लाकूड पुन्हा तोला. गटाच्या वहीत बचतीचा रकाना असतो, त्याच्या शेजारी सरपणाचाही एक रकाना काढा. सांगून जे पटत नाही, ते तराजू पटवतो.

धुराचा हिशेब तर त्याहून मोठा आहे. १९८० नंतरच्या पहिल्याच वर्षांत कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सोबत्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर धूर मोजायची यंत्रे लावली. चुलीपुढची बाई किती धूर श्वासात घेते, हे त्यातून जगापुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत लहान लेकरेही आली. म्हणून चुलीपुढे बसताना पाठीवर, मांडीवर बाळ घेऊ नका. धुराचा त्रास "बाईमाणसाला व्हायचाच" असे कोणी म्हणत असेल, तर तसे नाही, हे आपणच सांगू या.

सरकारनेही १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला होता, देशभर लाखो चुली बसल्या. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' या संस्थेने धुराडे असलेली सिमेंटची 'लक्ष्मी' चूल तयार केली. अशा चुली अजूनही चांगल्या. पण पुष्कळ घरांत धुराड्यात काजळी भरली, ते कोणी साफ केले नाही, धूर पुन्हा घरात यायला लागला आणि चूल मोडून टाकली. म्हणून घरी धुराडे असेल तर महिन्यातून एकदा ते झाडा.

एक धोका मात्र असा आहे, की तो धुरातून दिसत नाही. आपल्याकडे थंडीत शेगडी घेऊन खोलीत बसतात, बाळंतिणीच्या खाटेखाली शेकायला निखारे ठेवतात. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून भीती वाटत नाही. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो साठला की डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. बाळंतीण आणि बाळ दोघांनाही धोका. शेक द्यायचा तर दार आणि खिडकी उघडी ठेवून द्या, आणि झोपण्याआधी शेगडी अंगणात काढा. कोणाला गुंगी आलीच, तर आधी मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा.

शेवटी जंगलाबद्दल. आपल्या शेजारी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. पर्यटक वाघ बघायला येतात. आपण सरपणाला जातो तेव्हा वाघ दिसू नये म्हणून देवाला हात जोडतो. सरपणाला, मोहाला गेलेल्या बायांवर हल्ला झाल्याच्या बातम्या आपल्या भागात नव्या नाहीत. एकटीने जाऊ नका, उजाडल्याशिवाय जाऊ नका, खाली वाकून काम करताना एकीने उभे राहून लक्ष ठेवा. पण सगळ्यात सुरक्षित फेरी म्हणजे जी करावीच लागली नाही ती. आठवड्याला चार मोळ्या लागतात तिथे तीन पुरल्या, तर वर्षात पन्नास फेऱ्या वाचतात. लाकूड वाळवणे, लाकूड फोडणे, झाकण ठेवणे ही कामे लहान दिसतात. पण त्या पन्नास फेऱ्या त्यांतूनच वाचतात.

तर भगिनींनो, दोनच वाक्ये लक्षात ठेवा. धूर दिसला, की चुलीचा ताप उतरला. उकळी आली, की जाळ आवरा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या चुलीतली मूठभर राख कागदात बांधून आणा. कोणाची पांढरी, कोणाची काळी, हे आपण सगळ्या मिळून बघू. काळी निघाली म्हणून कोणाला हसायचे नाही. तिच्या घरी जाऊन चुलीत जाळी बसवून द्यायची. एका घरी एक तास, चार जणी मिळून. गट त्यासाठीच असतो.